भिंतीच्या रंगाचा डबा

१० नोव्हेंबर, रविवार

आजपासून नोंद ठेवणार. पेंट कंपनीत सव्वीस वर्षं बॅचन् बॅच लिहून ठेवली, मग स्वतःच्या कामाची नोंद का नको? वही कुणी वाचायची नाही. नंदाने तर नाहीच नाही.

विषय: जिओकॅशिंग. आमच्या संचिताने माझ्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. खेळ सोपा आहे. एक छोटा डबा सार्वजनिक जागी लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकायचे. लोक फोन बघत बघत येतात, डबा शोधतात, आतल्या चिटुकल्या वहीत नाव लिहितात, डबा होता तिथे ठेवतात आणि ॲपवर अभिप्राय देतात. बाबांनी सोफा सोडावा एवढाच लेकीचा हेतू होता. पण मी इतरांनी लपवलेले सात डबे पाहून आलो आणि कीव आली. काळी टेप गुंडाळली की झालं यांचं कॅमोफ्लाज! काळ्या टेपच्या रंगाचं झाड कुणी पाहिलंय?

माणूस रिटायर झाला तरी डोळा रिटायर होत नाही. अख्ख्या डोंबिवली एमआयडीसीत शेड मॅचिंगला माझ्या तोडीचा डोळा नव्हता.

संकल्प: मार्चअखेर बारा डबे. ठाणे ते कल्याण. एकही सहजासहजी सापडता कामा नये.

(शेवटचं दीड वर्ष मला लॅबमधून स्टोअरला दिलं ते माझ्या अनुभवाचा फायदा स्टोअरला व्हावा म्हणून. चार ड्रमांची शेड चुकल्याच्या त्या तक्रारीचा याच्याशी संबंध नाही. लॅबमधला दिवा जुना झाला होता. मी तसं लेखी दिलं होतं.)

१२ नोव्हेंबर, मंगळवार

डबा क्र. १. नंदाचा रव्याचा क्लिपवाला डबा घेतला. रवा पिशवीत ओतला. थोडा सांडला. ओट्याची कडा मधेच येते.

पद्धत लिहून ठेवतो, पुढेमागे कुणाला शिकवावी लागेल. आधी पॉलिशपेपर मारायचा. मग कापडी टेप. टेप कात्रीने कापायची नाही, हाताने फाडायची, कारण निसर्गात सरळ रेघ नसते. वर मॅट रंगाचा हात, तो ओला असतानाच स्पंजने दुसरी शेड टिपायची. सालीचा खरखरीतपणा यावा म्हणून वाळवलेली चहापत्ती फेव्हिकॉलमध्ये.

रंग घरातच होते, कंपनीतून आणलेले सॅम्पलचे छोटे डबे. त्यांच्यावरची नावं पुसट झालीत. अडत नाही. ज्याला डोळा नसतो त्याला लेबल लागतं.

नंदाने येऊन पाहिलं. म्हणाली, झाडासाठी ना हा? मी म्हटलं, हो, साल आहे ती. मग म्हणाली, अहो, एकदा डोळे दाखवून येऊ या ना. सालीचा आणि डोळ्यांचा संबंध काय? बाईमाणसाचं लक्ष एका विषयावर टिकत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८

मैदानाजवळच्या पर्जन्यवृक्षाच्या बेचक्यात डबा बसवला. पाच पावलं मागे येऊन पाहिलं. मलाच दिसला नाही! आता बसा म्हणावं शोधत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला अभिप्राय. कलावती नावाच्या बाई, ॲपवरच्या ओळखीप्रमाणे कल्याणला शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त. शकू नावाच्या धाकट्या बहिणीला घेऊन डबे शोधत फिरतात. लिहितात: ‘रस्त्यापलीकडूनच दिसला. जांभळा डबा फार गोड. लहान मुलांना आवडेल.’

जांभळा?

चित्रकलेच्या बाई. पोस्टर कलरच्या बारा बाटल्यांत जन्म गेला, त्यांना तपकिरीतल्या छटा काय कळणार. उत्तर दिलं नाही. रात्री जेवलो नाही, पित्त होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आणखी दोन अभिप्राय. दोन्ही ‘पर्पल बॉक्स’ म्हणतात. यावरून एकच सिद्ध होतं की हे लोक आधी एकमेकांचं वाचतात आणि मग तसंच लिहितात. संगनमत.

संचिताला फोन केला. ती म्हणाली, बाबा, सगळेच तसं म्हणतायत तर एकदा बघा ना. मग आवाज बदलून म्हणाली, आईने सांगितलं तुम्हाला? डॉक्टरचं? म्हणजे माय-लेकींचंही संगनमत.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काचबिंदू होता म्हणून मलाही असलाच पाहिजे असा काही कायदा आहे का? आबांना साखरही होती. मला नाही.

१ डिसेंबर, रविवार

डबा क्र. २, कल्याण, तळ्याकाठच्या हिरव्या रेलिंगसाठी. या वेळी गोळ्यांची बाटली घेतली, हिरवी टेप लावली, वर गंजाचे ठिपके दिले. अप्रतिम. कलावतीबाईंना दोन मिनिटं लागली. लिहितात: ‘रेलिंग हिरवं, बाटली निळी. तरी ठिपके मन लावून काढलेत.’

मन लावून! शाळेत ‘ढ’ पोराच्या वहीवर असा शेरा मारत असतील.

टेप सदोष. दुकानदाराने हिरवी सांगून निळी दिली. उद्या जाऊन खडसावणार.

२ डिसेंबर, सोमवार

दुकानदाराशी वाद. त्याने टेप दारात उजेडात धरली आणि म्हणाला, काका, तुम्हीच बोट दाखवून हीच पाहिजे बोललेलात. वर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. या दुकानात परत पाऊल टाकणार नाही. दुसरं दुकान स्टेशनपलीकडे आहे. हरकत नाही, चालणं होईल.

८ डिसेंबर, रविवार

किरकोळ घटना. फडके रोडवर डावीकडून हातगाडीचं चाक स्कूटरला लागलं. गाडी उभी होती, पण उभी करायची ही जागा आहे का? हल्ली डोंबिवलीत सगळे सगळं डाव्या बाजूलाच ठेवतात. गेल्या महिन्यात सोसायटीच्या गेटचा खांब, त्याआधी शेजारच्यांची कुंडी.

नंदाने आजपासून मागे बसणं सोडलं. चालल्याने साखर आटोक्यात राहते म्हणाली. तिलाही साखर नाही. पण नवीन वर्षाच्या आधीच संकल्प सुरू केला याचं कौतुक वाटलं.

१५ डिसेंबर, रविवार

आता मात्र खरं काम. डबा क्र. ३. ठाण्याला उपवन तलावाच्या बाजूला जुनी दगडी भिंत आहे, तिच्यातला एक दगड निखळून खोबण झाली आहे. तिथे दगडासारखा डबा बसवायचा. राखाडी हा रंग येरागबाळ्याचं काम नाही. लोक काळ्यात पांढरा मिसळतात आणि राखाडी झाला म्हणतात. अरे, प्रत्येक राखाडीला आतून एक कल असतो, कुणी पिवळ्याकडे झुकतो, कुणी निळ्याकडे. तो कल ओळखायला मला चार वर्षं लागली होती.

भिंतीसमोर अर्धा तास उभा राहिलो. नंदा आणि संचिता बाकावर बसून शेंगा खात होत्या. घरी येऊन सलग पाच तास काम. पाठ मोडली. पण पूर्वीसारखं वाटलं. लॅबमध्ये कुणीतरी मागून येऊन विचारायचं, साहेब, पास? आणि मी मान हलवली की ट्रक भरायला सुरुवात व्हायची.

२० डिसेंबर, शुक्रवार

कलावतीबाई: ‘आकाशी डबा. राखाडी भिंतीत आभाळाचा तुकडा ठेवण्याची कल्पना सुंदर. पण मग याला लपवणं म्हणता येईल का?’

फोन बंद करून कपाटात ठेवला.

२१ डिसेंबर, शनिवार

जेवण नको वाटलं. नंदाने वरणभात कालवून समोर ठेवला. मी म्हटलं, तूच सांग, तो डबा कोणत्या रंगाचा होता? ती म्हणाली, मला मेलीला काय कळतंय रंगातलं. बरोबर आहे. निदान प्रामाणिक आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

नंदा चार दिवस संचिताकडे घोडबंदर रोडला गेली. अचानकच ठरलं. ती गेल्यापासून माझा स्पंज दिसत नाही, फेव्हिकॉलही. घरात वस्तू जागेवर राहत नाहीत.

घर फार शांत आहे. काल दाराच्या चौकटीला खांदा आपटला. कुणी हसलं नाही, कुणी लागलं का म्हणूनही विचारलं नाही.

५ जानेवारी, रविवार. सकाळी ९.४०

विजय!! अभिप्राय जसाच्या तसा उतरवतो. ‘उपवनला एका मैत्रिणीला खेळ दाखवायला पुन्हा गेले. पाऊण तास शोधलं. भिंतीचा दगडच वाटत होता, हात लागला तेव्हा कळलं. असं काम मी आजवर पाहिलं नाही. शाब्बास. – कलावती’

तोच डबा! पंधरा दिवसांपूर्वी आकाशी होता आणि आज दगड झाला! खुलासा सोपा आहे: माझे रंग मुरायला वेळ लागतो. लोकांना धीर नसतो. मी नेहमी सांगायचो, रंग मारलेलं नमुन्याचं पॅनल चोवीस तासांनी बघा.

नंदाला वाचून दाखवलं. तीनदा. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं ना, आपल्या माणसाची कदर आपल्या माणसालाच. तिला दोन पोळ्या जास्त वाढायला सांगितल्या.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आनंदाच्या भरात नंदाला न सांगता काळी साडी आणली होती. ती नेसून हळदीकुंकवाला गेली. आल्यावर विचारलं, बायका काय म्हणाल्या? म्हणाली, छान आहे म्हणाल्या. तेवढ्यात शेजारच्या सुमतीवहिनी तिळगूळ द्यायला आल्या आणि म्हणाल्या, अगं नंदा, संक्रांतीला निळी नेसायची नवीनच पद्धत काढलीस! नंदा पटकन म्हणाली, मला काळा सोसत नाही हो.

सव्वीस वर्षांत मी कधी काळा चुकलो नाही. गडद निळा आणि काळा यांच्यात गल्लत करतो तो शिकाऊ. दुकानातले दिवे. हल्लीचे एलईडी.

पण तिला काळा कधीपासून सोसेना?

१९ जानेवारी, रविवार

दोन घटना. पहिली: डबा क्र. ३ चोरीला गेला. स्वतः पाहणी केली. खोबणीच्या जागी दगड आहेत, डबा नाही. वीस मिनिटं एकेक दगड पाहिला. उत्तम काम टिकत नाही, कुणीतरी घरी शोकेसमध्ये ठेवलं असणार. अंदाज होताच, म्हणून पिशवीत दुसरा रंगवून नेला होता. भिंतीच्या टोकाला सापट मिळाली, तिथे बसवला.

दुसरी घटना लिहिणार नव्हतो.

परतताना खोपटला, एसटी डेपोच्या अलीकडे. सिग्नल सुटला, मी निघालो. डावीकडे कुणीही नव्हतं. नव्हतंच. आणि एक बाई स्कूटरपुढे पडली. हातातली भाजी रस्त्यावर. उठली, कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. आधी ओरडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, भाऊ, मी हात दाखवत होते ना तुम्हाला, केवढ्या लांबून दाखवत होते. मग रडायला लागली. लोक जमले. मी टोमॅटो गोळा करून दिले. एक लाल, एक लाल, असं मोजत होतो. ती म्हणाली, राहू द्या, त्यातले निम्मे हिरवे आहेत.

घरी आलो. नंदाला सांगितलं नाही. बाई अचानक उगवली.

उगवली नव्हती.

हे वरचं खोडायला हवं. उद्या खोडतो.

२० जानेवारी, सोमवार

खोडलं नाही. स्कूटर पुसून कव्हर घातलं. सर्व्हिसिंग झाल्याशिवाय काढायची नाही. सर्व्हिसिंगची घाई नाही.

२६ जानेवारी, रविवार

कलावतीबाईंचा संदेश, या वेळी खाजगी: ‘उपवनला आता दोन डबे आहेत. पहिला जागेवरच आहे, तोच दगडासारखा. दुसरा आकाशी, भिंतीच्या टोकाला. दोघे एकाच हाताचे वाटत नाहीत. पहिल्याचा कर्ता कोण, मला त्यांना भेटायचं आहे.’

पहिला जागेवर आहे?

मी वीस मिनिटं पाहत होतो.

एकाच हाताचे वाटत नाहीत म्हणजे काय? दोन्ही माझेच. नंदाला विचारलं, याचा अर्थ काय घ्यायचा? ती कणीक मळत होती. म्हणाली, रविवारी जाऊ या उपवनला. रिक्षाने. मग लगेच, हळू आवाजात, की मी कोणावर चिडायचं नाही असं आधी कबूल करायचं. कबूल केलं. कारण समजत नसताना.

२ फेब्रुवारी, रविवार. रात्री

उपवन. संचिता आधीच येऊन उभी होती. नंदा मला म्हणाली, शोधा. मी शोधला. भिंतीवरून डोळे फिरवले, खाली, वर. मी म्हटलं, नाहीये इथे, चोरीला गेलाय. तशी नंदा पुढे आली आणि माझ्या छातीसमोरच्या दगडावर हात ठेवला. तो दगड तिच्या हातात आला.

तिने सांगितलं. डिसेंबरात चार दिवस तिने आणि संचिताने हेच केलं होतं. रोज सकाळी येऊन भिंतीसमोर बसायच्या. माझ्या डब्यावर संचिताच्या सोसायटीत चाललेल्या बांधकामाची वाळू फेव्हिकॉलने चिकटवली, तीन राखाडी टिपले, एक पुसून परत टिपला. नंदा म्हणाली, तुम्हीच घरी येऊन सांगायचात ना, आधी डोळे भरून बघायचं, मग ब्रश उचलायचा. इतकी वर्षं ऐकत आले.

मी विचारलं, का केलंस? म्हणाली, प्रत्येक वेळेला तुम्ही दोन-दोन दिवस जेवत नव्हतात. वाटलं एकदा तरी कुणी चांगलं म्हणावं. नंतर वाटलं, मी हे काय करून बसले, आता तर हा माणूस डॉक्टरकडे कधीच जाणार नाही. आणि रडली. भर तलावावर, लोक चालायला आलेले.

डबा हातात घेतला. बोटांनी चाचपला. पोत उत्तम आहे. शेड सांगता येत नाही. सांगता येत नाही, हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो. मग खोपटची बाईही सांगितली. संचिता पाठमोरी झाली.

आबा शेवटची अकरा वर्षं दाराशी बसून पावलांवरून माणसं ओळखायचे. चुकले की माणसं हसायची. मीही हसायचो. मला त्याची भीती वाटते. डॉक्टरची नाही, त्याची.

संचिताने तिथूनच अपॉइंटमेंट घेतली. शनिवार, सकाळी साडेदहा.

कलावतीबाईंना उत्तर पाठवलं: पहिल्याचा कर्ता माझी बायको.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ

डॉक्टरांनी पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. तो काढला की रंग परत येतील म्हणाले. मी नंदाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पण मागे काचबिंदूही आहे. त्याने डावीकडचं जे नेलं ते परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून सांभाळायचं. वर्षभर आधी यायला हवं होतं, असं ते नंदाला म्हणाले. तिने मान खाली घातली, जणू चूक तिची. मी म्हटलं, डॉक्टर, ती मला सतरा वेळा म्हणाली होती.

किती गेलं ते मोजायला एक चाचणी. अमृता नावाची मुलगी मशीनवर होती. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, पांढऱ्या वाडग्यासारख्या पडद्याच्या मध्यभागी बघत राहायचं. इकडेतिकडे बारीक ठिपके चमकतात. चमकला की हातातलं बटण दाबायचं.

सोपं होतं. सुरुवातीलाच मला लय सापडली. मशीन बारीकसं कुरकुरतं, मग ठिपका येतो. कुरकुर ऐकली की दाबत गेलो. एकही सोडला नाही. बाहेर येऊन नंदाला म्हटलं, डॉक्टर उगीच घाबरवतायत, शंभरातले शंभर आले.

अमृता कागद घेऊन आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, काका, ही मशीन मधेमधे नुसताच आवाज करते, ठिपका दाखवतच नाही. पेशंट खरंच बघतोय की अंदाजाने दाबतोय ते कळायला. तुम्ही त्या सगळ्या वेळेला दाबलंत. हा रिपोर्ट धरता येणार नाही, परत करावं लागेल. आणि म्हणाली, या वेळी दिसेल तेव्हाच दाबायचं हां काका, नाही दिसलं तर नुसतं बसून राहायचं, काही होत नाही.

परत बसलो. परत हनुवटी टेकवली. दिसलं तेव्हाच दाबलं.

बराच वेळ नुसताच बसून होतो.